आधी वाचून दाखव

2023 च्या मे महिन्यातला सोमवार. पूर्व लॉस एंजेलिसमधल्या एका दवाखान्यात मी नर्स आहे. मूळची सांगलीची, स्पॅनिश इथे आल्यावर शिकले. त्या दिवशी सत्तरीतल्या एका आजींच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचे कागद भरायचे होते. (ओळख पटेल असं काही लिहीत नाही.)

संमतीपत्र स्पॅनिशमध्येच होतं. तरी आजी पेन हातात घेईनात. "आधी वाचून दाखव. सगळं." मुलगी घाईत होती, "आई, कर ना सही." आजींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मी वाचत गेले. मध्येच त्यांनी थांबवलं. "तेवढंच काढणार? कुठे लिहिलंय?" मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

मग त्या हळूच बोलल्या. सत्तरच्या दशकात, तिसऱ्या बाळंतपणाच्या कळा सोसत असताना, एका इस्पितळात त्यांच्यापुढे इंग्रजी कागद धरला गेला. सही केली. पुन्हा दिवस का जात नाहीत, हे कळायला दोन वर्षं लागली. मुलगी हे पहिल्यांदाच ऐकत होती.

आणीबाणीतल्या नसबंदीच्या गोष्टी मी घरी ऐकल्या होत्या. तोच प्रकार इथेही, हे अंगावर आलं.

"काल ग्लोरिया गेली," आजी म्हणाल्या.

ग्लोरिया मोलिना. दहा भावंडांतली थोरली, वकिलाच्या कचेरीत सेक्रेटरी म्हणून काम केलेली. इथल्या कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, इस्पितळात मेक्सिकन बायकांची अशीच ऑपरेशनं झाली, तेव्हा 10 जणी कोर्टात गेल्या. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या महिला संघटनेचं काम मोलिना बघत होत्या. 1978 मध्ये निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला. पण नियम बदलले: संमतीपत्र बाईला कळेल अशा भाषेत हवं, आणि नसबंदीआधी सरकारी मदतीच्या रुग्णांना 30 दिवसांची मुदत.

मोलिना 1982 मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभेवर निवडून आल्या, तिथल्या पहिल्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, बाई आमदार. मग शहराच्या कौन्सिलवर, आणि 1991 मध्ये कौंटीच्या सुपरवायझर. आमच्याकडे आमदारकीनंतर जिल्ह्याच्या कारभारात येणं म्हणजे खाली उतरणं वाटेल. इथे कौंटीत कोटीभर माणसं आणि सुपरवायझर फक्त 5. सरकारी इस्पितळं, तुरुंग, गरिबांची मदत, सगळं त्यांच्या हाती. ती जागाही सहज मिळाली नव्हती. लॅटिनो मतं फोडणारी मतदारसंघांची आखणी 1990 मध्ये कोर्टाने रद्द केली, तेव्हा कुठे दार उघडलं. भूकंपानंतर नवं कौंटी इस्पितळ बांधायचं ठरलं, तेव्हा त्या 750 खाटांसाठी भांडल्या. सुपरवायझरांच्या बोर्डाने 600 वरच भागवलं. ही हार मला फार लागते. गर्दीचं इस्पितळ म्हणजे काय, हे मी रोज बघते.

2014 मध्ये त्यांच्या जागी हिल्डा सोलिस आल्या. त्याही एकेकाळच्या आमदार. 2018 मध्ये बोर्डाने त्या ऑपरेशनांबद्दल माफी मागितली.

"माफीचं पत्र आलं का तुम्हाला?" मी विचारलं. आजींनी मान हलवली, नाही.

शेवटचं पान मी दोनदा वाचलं. आजींनी सही केली, तारीख स्वतःच घातली आणि प्रत मागितली. पर्समध्ये ठेवायला मुलीने हात पुढे केला. आजींनी ती घडी घालून आपल्याच ब्लाउजमध्ये खोचली.