स्वयंपाकघरातून आलेली दुरुस्ती

'बादली मिळाली नाही, की तसाच घरी परत यायचो.'

एका गिरणी कामगार काकांची मुलाखत मी रेकॉर्ड केली होती आणि सॉफ्टवेअरने ती ऐकून उतरवून दिली होती. दुपारचं जेवण झालेलं, डोळ्यांवर पेंग, आणि स्क्रीनवर हे वाक्य. यात खटकण्यासारखं काही नव्हतं. चाळ आहे, पहाट आहे, रांग आहे, म्हणजे बादली असणारच. लालबाग-परळच्या निम्म्या आठवणी नळापाशीच सुरू होतात. पुढच्या ओळीत मात्र 'बादलीसाठी मुकादमाला चहा पाजायला लागायचा' असं आलं आणि पेंग उडाली. नळावर मुकादम कुठून आला? हेडफोन चढवून ऐकलं. काका चांगलं खणखणीत 'बदली' म्हणत होते.

ज्यांच्या घरात कुणी गिरणीत होतं त्यांना हे वेगळं सांगायला नको. कायम नसलेला कामगार पहाटे गेटवर जाऊन उभा राहणार, कुणाचा खाडा असेल तर त्याच्या जागी त्याला आत घेणार, नाहीतर भोंगा झाल्यावर हात हलवत परत.

सॉफ्टवेअरला हे कुठून माहीत असणार? ते खरं तर ऐकत नाहीच, अंदाज बांधतं. आवाजाचे तुकडे पाडायचे, कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द जास्त वेळा येतो ते बघायचं, आणि जो शोभेल तो बसवून द्यायचा. २०२२ साली व्हिस्पर नावाचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा ते ६ लाख ८० हजार तासांचं बोलणं पचवून आलं होतं. त्यातले १ लाख १७ हजार तास इंग्रजी सोडून बाकीच्या ९६ भाषांचे. त्या ९६ जणींत आपल्या वाटणीला काय आलं असेल, आणि त्यात पुन्हा डिलाईल रोडची मराठी कितीशी असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. माझ्याकडे आहे ते दुसरंच कुठलं, पण खानदान तेच.

ही चूक निदान मुकादमामुळे सापडली. 'त्रासन खात्यात होतो', म्हणजे गिरणीत सूत कातायच्या खात्यात, याचं सॉफ्टवेअरने 'त्रास खात होतो' केलं, ते मात्र मी काही वेळ तसंच राहू दिलं. कापसाची पूड छातीत घेत पाळीभर उभं राहिलेल्या माणसाबद्दल ते अगदीच खोटं नव्हतं.

शांततेचं तर त्याला वावडंच आहे. '१८ जानेवारी १९८२ला तुम्ही कुठे होतात?' असं विचारल्यावर काका बराच वेळ गप्प आहेत. रेकॉर्डिंगमध्ये पंखा ऐकू येतो, खालून भंगारवाला ओरडत जातो. सॉफ्टवेअरने तिथे लिहिलं, 'पाहिल्याबद्दल धन्यवाद.' व्हिडिओंखालच्या ओळी वाचवून वाचवून शिकवलंय त्याला, त्यामुळे बोलणं थांबलं की माणूस निरोप घेतोय अशी त्याची समजूत. मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार ज्या दिवशी संपावर गेले त्या दिवसाबद्दल धन्यवाद!

तरी मी त्याला नावं ठेवणार नाही. तासाभराचं बोलणं हाताने उतरवायचं म्हणजे अख्खा दिवस जायचा, शिवाय मान धरायची ती वेगळीच. आता चहा होईपर्यंत कच्चा मजकूर तयार असतो. फक्त हाताने काम करायचे तेव्हाची एक खोड अजून गेलेली नाही. मी कुकरच्या शिट्ट्या लिहिते. कंसात. (शिट्टी.) (दुसरी शिट्टी.) ज्या संस्थेसाठी हे काम करते तिथल्या बाईंनी एकदा विचारलं, याचा अभ्यासकांना काय उपयोग? उपयोगाचं माहीत नाही, पण दुसऱ्या शिट्टीनंतर सांगणारा घाई करायला लागतो आणि तिसरीनंतर गॅस बारीक होतो, मग आतल्या बाईचा आवाज स्पष्ट यायला लागतो. हे माझं निरीक्षण आहे, कुणी खोडून दाखवावं.

कच्चा मजकूर झाला की आणखी एक बटण असतं, सुधारणेचं. काका म्हणाले होते, 'गेटावर जायाचं, हुभं ऱ्हायाचं, हुभं ऱ्हायाचं, हुभं ऱ्हायाचं, मग मुकादम बोट करायचा, तू, तू, आन तू.' बटण दाबल्यावर त्याचं झालं, 'आम्ही प्रवेशद्वारावर उभे राहत असू. त्यानंतर मुकादम कामगारांची निवड करत असे.' उभं राहण्यात गेलेली सगळी पहाट एका 'असू'मध्ये उरकली. ते बोटही गेलं. शाळेत असताना असलंच मराठी लिहून मी निबंधाला पैकीच्या पैकी मिळवायचे, त्यामुळे मला राग येत नाही, ओळख पटते.

पण त्या दिवशी पुढे जे झालं त्याला ही गंमत लागू नव्हती.

आपल्याकडे घरी जाऊन एखाद्या पुरुषाची मुलाखत घ्यायची म्हणजे ती एकट्याची कधीच होत नाही. तो बाहेरच्या खोलीत कॉटवर बसून सांगत असतो आणि आतून भांड्यांच्या आवाजातून दुरुस्त्या येत असतात. साल चुकलं की आतून. नाव चुकलं की आतून. कधी नुसतंच 'ह्हं', त्याचा अर्थ पुढचं ऐकू नका. सांगणारा तिकडे लक्ष दिल्यासारखं दाखवत नाही, पण पुढच्या वाक्यात निमूट साल बदलतो. 

काका म्हणाले, 'संपात मी चार महिनं गावाला हुतो.' ते पाटणकडचे. आतून काकी म्हणाल्या, 'चार न्हाई, नऊ. आन मी हितं खानावळ चालवत हुते.'

सॉफ्टवेअर आवाजावरून माणसं वेगळी करतं. वक्ता १, वक्ता २. वक्ता २ मी, प्रश्न विचारणारी. काकी माईकपासून लांब, मध्ये अर्धी भिंत, त्यामुळे वक्ता ३ काही त्याला दिसला नाही. काकींचं वाक्य त्याने काकांच्याच तोंडी घातलं. आता एकाच माणसाच्या बोलण्यात 'गावाला होतो' आणि लगेच 'चालवत होते', हे व्याकरणात बसेना. सुधारणेने ते बसवलं. 'संपाच्या काळात मी नऊ महिने गावाला होतो आणि येथे खानावळ चालवत होतो.'

नुसता एक काना लागला. तेवढ्यात बाईची खानावळ नवऱ्याच्या नावावर झाली. शिवाय हा गृहस्थ पाटणला बसून लालबागेत भाकऱ्या थापत होता, त्याचंही यंत्राला काही वाटलं नाही. 

गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या बायका गल्लोगल्ली होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी; तोवर सावकाराशिवाय त्यांना कुणी पैसे देत नव्हतं, मग बँकेच्या कर्जाच्या कागदावर त्यांची स्वतःची नावं आली. संपात जेवणारेच गावाला गेले. जे राहिले ते उधारीवर. काकींची वही म्हणे अजून आहे, कुणाकुणाकडून येणं आहे त्याची. हेसुद्धा त्या आतूनच म्हणाल्या. तो तुकडा सॉफ्टवेअरने लिहिलाच नाही, गोंगाट म्हणून सोडून दिला.

मागून बोलणाऱ्या बायकांचा मला पहिल्यापासूनच नाद आहे. माझा धाकटा मामा मस्कतला होता. रत्नागिरीकडच्या आमच्या आजोळी तेव्हा पत्रापेक्षा कॅसेट बरी पडायची. कुणी तिकडे जाणारा भेटला की घाईघाईने भरायची आणि त्याच्या हाती द्यायची. ओटीवर टेपरेकॉर्डर ठेवायचा, लाल बटण आणि शेजारचं बटण एकदम दाबायचं, आणि सगळ्यांनी गोल करून बसायचं. आजी विहिरीत वाकून हाक मारावी तशी त्यात बोलायची. 'आंबा यंदा बक्कळ आलाय रे, काळजी करू नकोस!' आतून मामी, 'कसला बक्कळ, निम्मा मोहर गळला.' आजी, 'माझी तब्येत ठणठणीत आहे!' आतून, 'गुडघे धरलेत. सांगू नकोस म्हणतात.' मामी ओटीवर कधी आली नाही. सासू-सासरे, दीर, शेजारची चार माणसं, एवढ्यांसमोर नवऱ्याशी बोलणार काय? आणि तिकडून येणारी कॅसेटही याच सगळ्यांसमोर लागायची.

एकदा मामाच्या कॅसेटमध्ये सगळ्यांची चौकशी झाल्यावर जरा थांबून तो म्हणाला, 'मागच्या बातम्या नीट ऐकू येत नाहीत. पुढच्या वेळी टेपरेकॉर्डर आत ठेवा.'

घरभर हसणं. आजीने पुढच्या वेळी खरंच तो आत नेऊन फडताळावर ठेवला, मामीला म्हणाली, बोल गो आता काय ते. मामी भाजी चिरत होती. ती एक अक्षर बोलली नाही. त्या कॅसेटमध्ये विळीचा आवाज तेवढा गेला असेल. मामाने तो किती वेळा ऐकला असेल कुणास ठाऊक! आजचं सॉफ्टवेअर असतं तर त्याने पार्श्वभूमीतला आवाज म्हणून तो पहिला पुसला असता, नाहीतर 'पाहिल्याबद्दल धन्यवाद' म्हटलं असतं.

म्हाइंभटाकडे टेपरेकॉर्डरही नव्हता आणि सॉफ्टवेअरही नव्हतं. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी गोळा करायला हा माणूस गावोगाव हिंडला, ज्याने जे पाहिलं-ऐकलं ते त्याच्याकडून काढून घेतलं, स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेतलं, आणि लीळाचरित्र उभं केलं. मराठीतला पहिला मुलाखतकार तोच. पुढे मूळ पोथी धामधुमीत गेली आणि ज्यांना पाठ होती त्यांनी ती पुन्हा सांगितली. त्यांत हिराइसा नावाची बाई होती. आता इतक्यांची तोंडं म्हटल्यावर सगळं जुळेना. तेव्हा त्या लोकांनी काय केलं, तर न जुळणारी आठवण 'वासना' म्हणून शेजारीच लिहून ठेवली. याच्या आठवणीत असं, तिच्या आठवणीत तसं. सातशे वर्षं झाली, दोन्ही तिथेच आहेत. महानुभावांच्या पोथ्या वाचताना मला यातलं अध्यात्म फारसं कळत नाही, पण ही शिस्त बघून हेवा वाटतो.

तर मी सुधारलेला मजकूर टाकून दिला, कच्च्यावर परत आले, आणि वक्ता ३ तयार केला. आवाज वाढवून वाढवून काकींचं जेवढं लागलं तेवढं एकेक वाक्य उचलून त्यांच्या नावाखाली नेलं. काही ठिकाणी दोघं एकदम बोलतात, तिथे सॉफ्टवेअरने कुठलीतरी तिसरीच भाषा लिहून ठेवली होती. एका ठिकाणी काकी फक्त हसल्या आहेत. तेही लिहिलं.

अडलं ते महिन्यांपाशी. संस्थेच्या फॉर्मवर 'संपकाळात मुंबईबाहेर (महिने)' असा रकाना आहे आणि त्यात एकच आकडा मावतो. चार की नऊ? काकांना फोन केला. म्हटलं, काका, काकी म्हणतात नऊ, तुम्ही म्हणता चार, मी काय लिहू?

'आसं करा,' ते म्हणाले, 'संप कवा मिटला ते तुमी सांगा, मग मी मोजतो.'

मी कॅलेंडर समोर ओढलं आणि तशीच बसले. संप मागे घेतल्याचं कुणी जाहीर केलंच नाही कधी. काही जण कामावर परत गेले, पुष्कळांना परत घेतलंच नाही, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि कितीतरी ठिकाणी आज टॉवर आहेत. सुरुवातीची तारीख सगळ्यांना पाठ आहे, शेवटची कुणालाच नाही.

'सापडलं का?' काकांनी विचारलं.

मागून काकी म्हणाल्या, 'ह्यांचा चालूच हाय आजून.'

हे फोनवरचं, रेकॉर्ड झालेलं नाही, म्हणून मजकुरात घालता येत नाही. तळटीप चालेल का ते संस्थेत विचारलंय. रकाना तेवढा भरायचा राहिलाय.