साडेदहाला माइक बंद

१४ जुलै २०१२, शनिवार. लंडनच्या हाइड पार्कात अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन तीन तासांहून जास्त गायला. शेवटी पॉल मकार्टनी स्टेजवर आला, दोघं मिळून गायले, आता लोकांचे आभार मानायचे तर माइक मेलेला. परवाना साडेदहापर्यंतचा होता, वेळ उलटली होती, आयोजकांनी आवाज तोडला. अन् तोही बीटल्समधल्या माणसाचा! आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकं रात्रभर चालतात. तिथल्या वडशाच्या एखाद्या कंपनीच्या नाटकात खलनायकाचा माइक रात्री साडेदहाला कोणी तोडून दाखवावा. साडेदहाला आपल्याकडे पडदाही धड वर गेलेला नसतो. बाया पोरासोरांना घेऊन तणसावर (धानाच्या पेंढ्यावर) जागा धरत असतात अन् पोट्टे गेटवरच रेंगाळत असतात.

लंडनच्या शनिवार-रविवारात आपल्या माणसाला बोचतं ते हेच घड्याळ. इथल्या कायद्यात आवाजापुरती ‘रात्र’ ११ ते सकाळी ७ अशी धरलेली आहे. दारूचा परवाना असलेल्या पबमध्ये ५०० पर्यंत श्रोते असतील तर सकाळी ८ ते रात्री ११ गाण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. अकरानंतर लागतो. म्हणून लहान पबातला बँड साडेआठ-नऊला सुरू होतो आणि अकराच्या आत तारा गुंडाळतो. ‘नऊचं सांगितलंय म्हणजे दहाला निघू’ या हिशेबानं गेलात तर शेवटची दोन गाणी आणि ड्रमची आवराआवर, एवढंच पदरात पडतं.

यावर नाक मुरडण्याआधी आपला कागदही पाहावा. भारतातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद. सणासमारंभासाठी राज्य सरकार वर्षातले फार तर १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. म्हणजे कागदावर आपणच एक तास जास्त कडक. पण हाइड पार्काच्या कडेला लोकांची घरं आहेत. आपल्याकडे धान निघालेल्या बांधीत स्टेज उभा राहतो आणि अख्खं गाव समोर बसलेलं असतं, मग झोपमोडीची तक्रार करायला घरी राहतो कोण? (हे जरा आपल्याच बाजूचं बोलणं झालं. बारावीचा पोरगा आणि खोकणारी म्हातारी प्रत्येक गावात असतेच.)

खरं म्हणजे नाटक पहाटेपर्यंत चालतं त्याचं अर्धं कारण एस्टीत आहे. लाखांदूरकडून, आरमोरीकडून आलेला प्रेक्षक रात्री एकला सोडला तर जाणार कुठं? मध्ये जंगल, आणि जंगलात वाघ. त्याला उजाडेपर्यंत बसवून ठेवायचं तर मध्ये लावणी हवी, विनोदी पार्टी हवी, वन्स मोर हवा. लंडनच्या क्लबांचंही वेगळं नव्हतं. भुयारी गाडी रात्री साडेबारा-एकच्या सुमारास बंद व्हायची. एक तर तिच्यामागं धावा, नाही तर पहाटेच्या गाडीपर्यंत नाचा. ऑगस्ट २०१६ पासून शुक्रवारी आणि शनिवारी काही मार्गांवर गाड्या रात्रभर धावू लागल्या, तेव्हा कुठं दोन-तीनला घरी परतणं जमू लागलं.

फुकटातलं थोडक्यात: शुक्रवारी नॅशनल गॅलरी रात्री ९ पर्यंत उघडी असते, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १० पर्यंत. नेहमीच्या दालनांना तिकीट नाही.

प्रॉम्ससाठी, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या उन्हाळी महोत्सवासाठी, मात्र मानावंच लागेल. १८९५ पासूनची परंपरा, जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जवळपास रोज मैफल, आणि उभ्यानं ऐकायचं तिकीट आठ पौंडांच्या आसपास, ते त्याच दिवशी सकाळी ऑनलाइन सुटतं. उभ्यांची जागा ऐन वाद्यवृंदासमोर, महागडे लोक मागं-वर बसलेले. दोन तास उभं राहायचंय, पायात नवे जोडे नको. आपल्याकडेही वादकांसमोर जमिनीवरच बसतात, तेव्हा यात त्यांनी लय मोठं काही केलं असं नाही. अन् झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, हे इथं कोणाला ठाऊक नसतं, सांगावं लागतं.

कोजागरी किंवा दंडारीचा (झाडीपट्टीतल्या लोकनाट्याचा) कार्यक्रम भाड्याच्या हॉलमध्ये करायचा असेल आणि हॉलचा परवाना पुरत नसेल, तर नगरपालिकेला तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस द्यावी लागते. फी २१ पौंड. नोटीस कामाचे पूर्ण १० दिवस आधी द्यायची, आणि त्यात नोटीस दिल्याचा दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस धरत नाहीत. लोक इथंच फसतात. दुसरी ठेच आकड्याची: मर्यादा ४९९ माणसांची, आणि त्यात तबलजी, पडदा ओढणारा, पोहे वाढणारी मावशी सगळे मोजले जातात. ४९९ तिकिटं विकली की नियम मोडलाच.

आता परतीचं. रात्रभर चालणारे भुयारी मार्ग पाचच: व्हिक्टोरिया, ज्युबिली, सेंट्रल, नॉर्दर्न, पिकॅडिली. त्यातही नॉर्दर्नचा बँक नावाच्या स्टेशनाकडचा फाटा बंद असतो आणि पिकॅडिली हीथ्रोच्या टर्मिनल ४ ला जात नाही. आपले लोक राहतात वेम्बली, हॅरो, हाउन्स्लोकडे. वेम्बली पार्कला ज्युबिली आहे, हाउन्स्लोला पिकॅडिली. हॅरोची मेट्रोपॉलिटन रात्री नसते, तिथल्यांनी ट्रफाल्गर स्क्वेअरवरून एन-१८ बस धरावी. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, नोट दाखवून उपयोग नाही. भुयारी गाडीत चढताना जे कार्ड टेकवलं तेच उतरताना टेकवायचं. आत जाताना फोन आणि बाहेर पडताना कार्ड असं केलं की दोन अर्धवट प्रवास धरून जास्तीचे पैसे कापतात. दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते आणि तो दिवस बारालाच संपत नाही, पहाटे साडेचारला संपतो. शुक्रवारी संध्याकाळी निघालेला माणूस शनिवारी पहाटे तीनला परतला तरी भाडं शुक्रवारच्याच खात्यात. वडशाच्या नाटकाची तारीखही अशीच मोजतात, आदल्या संध्याकाळची.