उसनवारीचा गोलकीपर

लीड्सहून सेटलमार्गे कार्लाइलला जाणारी गाडी अडीच तासांहून अधिक वेळ घेते, आणि त्यातला बराचसा वेळ ती यॉर्कशायरच्या ओसाड, वाऱ्याने झोडपलेल्या टेकड्यांमधून चढत-उतरत असते. रिबलहेडच्या चोवीस कमानींच्या दगडी पुलावर डब्यातले पर्यटक खिडकीशी उभे राहून फोटो काढत होते. मला मात्र त्या दिवशी पुलापेक्षा पुढच्या गावाची ओढ लागली होती. कार्लाइलचा किल्ला किंवा तिथून जवळ असलेली रोमन सम्राट हेड्रियनची भिंत पाहायला लोक इतक्या दूर येतात. मी मात्र एका फुटबॉलच्या मैदानातली गोलपोस्ट पाहायला निघालो होतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाळेच्या संघात चार वर्षे मी गोलात उभा राहिलो, आणि शाहू स्टेडियमवर तालीम संघांचे सामने पाहताना माझे डोळे नेहमी चेंडूपेक्षा गोलकीपरवर खिळलेले असत. पुढच्या खेळाडूने चार संधी वाया घालवून पाचवी साधली, तर पेठेत त्याची मिरवणूक निघते. गोलकीपरने नऊ फटके अडवून दहावा सोडला, तर आठवडाभर चर्चा त्या दहाव्याचीच होते. १९९९ मध्ये शेवटच्या क्षणी स्वतः गोल करून कार्लाइलचा संघ वाचवणारा गोलकीपर जिमी ग्लास, हे नाव मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा मला त्याच्या गोलाचे कौतुक होतेच, पण त्याहून अधिक कुतूहल वाटले ते त्या गोलाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या त्याच्या आयुष्याचे.

कार्लाइल स्थानकातून वॉरविक रोडने चालत वीस-पंचवीस मिनिटांत ब्रंटन पार्क लागते. १९०९ पासून कार्लाइल युनायटेड याच जागी खेळते. ईडन आणि पेटरिल या नद्या जवळ असल्यामुळे २००५ च्या जानेवारीत आणि २०१५ च्या डिसेंबरात हे मैदान पुराच्या पाण्याखाली गेले होते. प्रवेशद्वाराबाहेर पुतळा आहे तो ह्यू मॅकिलमॉइल या आघाडीच्या खेळाडूचा, आणि तो योग्यच आहे, कारण त्याने या गावासाठी वर्षानुवर्षे गोल केले. ग्लास इथे फक्त तीन सामने खेळला.

ते तीन सामने त्याच्या वाट्याला कसे आले, हे समजून घेतल्याशिवाय खालच्या श्रेणीतल्या गोलकीपरचे आयुष्य कळत नाही. १९९९ च्या वसंतात कार्लाइल इंग्लंडच्या लीगच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या तळाशी होते. घरचा गोलकीपर टोनी केग याला क्लबने ब्लॅकपूलला विकले होते. त्याच्या जागी डर्बीहून लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, आणलेला मुलगा मूळ क्लबने परत बोलावून घेतला. खेळाडूंच्या देवघेवीची मार्चअखेरची मुदत तोवर उलटून गेली होती आणि गोलात उभे राहायला कोणी उरले नव्हते, म्हणून लीगने खास परवानगी दिली, आणि स्विंडनच्या राखीव संघात दिवस काढणारा पंचवीस वर्षांचा ग्लास तीनशे मैलांच्या आसपास अंतर कापून उत्तरेला आला. आघाडीचा, बगलेचा, मधल्या फळीचा खेळाडू जागा बदलून कुठेतरी सामावून जातो. गोलकीपरची जागा एकच असते, आणि ती दुसऱ्या कोणाला मिळाली की आपण महिनोन्‌महिने केवळ सराव करायचा, किंवा ज्या गावात जागा रिकामी होईल तिथे बॅग घेऊन जायचे. आपल्याकडे शेजारच्या घरून वाटीभर साखर उसनी आणावी, तसे हे क्लब एकमेकांकडून गोलकीपर उसना आणतात.

मी गेलो त्या शनिवारी सामना होता. २०२५ मध्ये कार्लाइल पुन्हा पाचव्या श्रेणीत, म्हणजे नॅशनल लीगमध्ये घसरले आहे, तरी वॉरविक रोडच्या बाजूच्या उभ्याने पाहायच्या कट्ट्यावर सामन्याच्या तासभर आधीपासून माणसे जमत होती. मी गोलपोस्टच्या मागे, कठड्याला अगदी टेकून उभा राहिलो. पाहुण्या संघाचा गोलकीपर सरावाला आला. त्याने आधी जाळीच्या कोपऱ्यात छोटा टॉवेल अडकवला, पाण्याची बाटली खांबाच्या बुंध्याशी ठेवली, आणि मग बुटाच्या खिळ्यांनी गोलरेषेच्या मध्यापासून पुढे एक सरळ चरा ओढला. पुढे धावून आल्यावर मागे वळून न पाहता आपण गोलच्या मधोमध आहोत की नाही, हे त्याला त्या चऱ्यावरून कळते. मी शाळेत असताना नेमके हेच करत असे आणि प्रत्येक वेळी शिक्षक मैदान खराब केले म्हणून रागावत. त्याच्या हातमोज्यांच्या तळव्यांचा फेस बोटांपाशी उडालेला होता; दोन्ही मोजे त्याने तोंडाजवळ नेऊन थुंकीने ओले केले आणि चेंडूची वाट पाहत गुडघ्यांत वाकला.

माझ्या शेजारी साठी ओलांडलेले एक गृहस्थ होते. मी कुठून आलो हे विचारून झाल्यावर त्यांनी आपणहून ८ मे १९९९ ची गोष्ट काढली, कारण ते त्या दिवशी याच मैदानात होते. शेवटचा सामना प्लिमथ अर्गाइलशी होता. तेव्हा लीगमधून बाहेर जाणारा संघ एकच असे, आणि कार्लाइल स्कारबरोपेक्षा एका गुणाने मागे होते. १९२८ पासूनचे लीगमधले स्थान एका दुपारवर टांगलेले होते. प्लिमथने आधी गोल केला, डेव्हिड ब्राइटवेलने बरोबरी साधली, आणि नव्वद मिनिटे संपली तेव्हा फलक १-१ दाखवत होता. तिकडे स्कारबरोचा सामनाही १-१ असाच संपला होता, म्हणजे कार्लाइल बुडाले होते. पंचांनी चार मिनिटे वाढवून दिली, आणि तीही सरत आली असताना कार्लाइलला कॉर्नर मिळाला. ग्लासने बाकाकडे पाहिले, प्रशिक्षक नायजेल पिअर्सन यांनी त्याला पुढे जाण्याची खूण केली, आणि लाल जर्सीतला तो उंच माणूस सगळे मैदान धावत पार करून गेला. ग्रॅहम अँथनीने चेंडू आत टाकला, स्कॉट डोबीने डोक्याने मारला, प्लिमथच्या गोलकीपरने तो अडवला, आणि सुटलेला चेंडू नेमका ग्लासच्या पुढ्यात आला. त्याने उजव्या पायाने तो जाळीत धाडला. “मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली,” ते गृहस्थ म्हणाले, “आणि तो माणूस गेली पंचवीस वर्षे माझा मित्र आहे.”

ही गोष्ट जगभर याच टप्प्यावर संपवतात, आणि ते मला पटत नाही. या गोलाच्या जेमतेम तेरा महिने आधी, एप्रिल १९९८ मध्ये, हाच ग्लास बोर्नमथकडून वेम्ब्लीवर खालच्या श्रेणींच्या चषकाचा अंतिम सामना खेळला होता. नव्वदहून अधिक लीग सामने त्या क्लबसाठी खेळलेल्या या गोलकीपरच्या हातून त्या दिवशी चेंडू स्वतःच्याच गोलात गेला, ग्रिम्सबीने बरोबरी साधली आणि जादा वेळेतल्या सुवर्ण गोलाने, म्हणजे जो होताच सामना संपतो अशा गोलाने, चषक नेला. खालच्या श्रेणीतल्या खेळाडूला वेम्ब्ली आयुष्यात एकदा मिळते, तेही नशीब असेल तर. त्या दुपारचे ओझे कुठे ठेवून तो वर्षभर वावरला असेल, याचा विचार मी त्या कठड्याशी उभा राहून बराच वेळ केला. बाकाकडे पाहून “जाऊ का?” असे विचारण्याचे धैर्य अशा माणसात उरले होते, हे मला त्या फटक्याहूनही मोठे वाटते.

आणि गोलानंतर? कार्लाइलमध्ये त्याचे बस्तान बसले नाही. केंब्रिज, ब्रेंटफर्ड, ऑक्सफर्ड अशा क्लबांत तो बहुतेक वेळ बाकावरच होता. सत्ताविशी-अठ्ठाविशीत, ज्या वयात गोलकीपर खऱ्या अर्थाने परिपक्व होऊ लागतो, त्या वयात त्याचे पूर्णवेळचे फुटबॉल संपले. मग सॅलिसबरीसारखे नॉन-लीग, म्हणजे लीगच्या चार श्रेणींबाहेरचे, क्लब आले, जिथे खेळाडू दिवसा नोकरी करतात, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात सराव करतात आणि शनिवारी कोणाच्या तरी मोटारीत चौघे मिळून सामन्याला जातात. पुढे त्याने टॅक्सी चालवली. अखेर बोर्नमथ क्लबनेच त्याला परत बोलावले, तेव्हा ते प्रीमियर लीगमध्ये पोहोचलेले होते. नव्याने येणाऱ्या खेळाडूंना घर, शाळा, कागदपत्रे मिळवून देण्याचे काम त्याच्याकडे आले. गावोगाव उसना फिरलेल्या माणसाला परक्या गावात पहिल्या आठवड्यात काय लागते, हे कोणी शिकवावे लागले नसेल.

दोन आठवड्यांनी मी स्कारबरोला गेलो, कारण त्या गोलाचे दुसरे टोक तिथे आहे. लीड्सहून यॉर्कमार्गे गाडी समुद्रापर्यंत जाते. १८७९ मध्ये स्थापन झालेला हा क्लब १९८७ मध्ये नॉन-लीगमधून थेट बढती मिळवून लीगमध्ये आलेला पहिला संघ होता. बारा वर्षांनी, ८ मे रोजी, त्यांचा सामना आधी संपला आणि आपण वाचलो असे समजून लोक मैदानात उतरून नाचू लागले होते, तेवढ्यात रेडिओवर कार्लाइलची बातमी आली. क्लब पुन्हा वर आलाच नाही. सुमारे २५ लाख पौंडांच्या कर्जाखाली तो २००७ मध्ये बंद पडला, आणि समर्थकांनी त्याच वर्षी उभारलेल्या नव्या क्लबला शेजारच्या ब्रिडलिंग्टन गावात दहा वर्षे काढावी लागली.

सीमर रोडवरचे जुने मैदान आता नाही. तिथे सुपरमार्केट आहे. बसथांब्यावर पिशव्या घेऊन बसलेल्या एका आजींना मी मैदान नेमके कुठवर होते ते विचारले, तर त्यांनी हाताने मोटारींच्या रांगांवरून एक लांब रेघ काढून दाखवली. त्या दिवशी त्या धाकट्या मुलाला घेऊन मैदानात उतरल्या होत्या, आणि रेडिओ कानाला लावलेल्या एका माणसाचा चेहरा उतरताना त्यांनी समोरून पाहिला होता. मुलाला काय झाले ते कळेना आणि तो नाचतच राहिला, असे त्या म्हणाल्या.

मग थोडे थांबून त्यांनी मलाच विचारले, “त्या गोलकीपरचं पुढे काय झालं?” मी त्यांना बाकावरची वर्षे, नॉन-लीग, टॅक्सी आणि बोर्नमथमधली नोकरी, हे सगळे सांगितले. त्या लक्षपूर्वक ऐकत होत्या. “फुटबॉलमध्ये परत आला म्हणजे. बरं झालं,” असे म्हणून त्यांनी पिशव्या उचलल्या, कारण बस आली होती.