सिल्कसाँग, बलाट्रो, वेन्बा आणि मेल्यावरचा हिशोब

हल्ली कुठलाही गेम घेतला की मी पहिल्या तासाभरात एकच गोष्ट बघते, मेल्यावर हा आपल्याशी कसा वागतो. ग्राफिक्स, स्टोरी, म्युझिक सगळं नंतर. कारण ऑफिस, स्वयंपाक, उद्याचा डबा वगैरे उरकून रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडायचा आणि डोळे मिटायला लागेपर्यंत जेवढं होईल तेवढं खेळायचं, त्यात गेमने मला नुसतं इकडून तिकडे पायपीट करायला लावली तर डोकं फिरतं राव. लहानपणी अंगणात खेळताना पण आऊट झालेल्याने किती वेळ बाहेर बसायचं यावरूनच सगळ्यात जास्त भांडणं व्हायची, आऊट होण्यावरून नाही. तसंच आहे हे.

तर आधी सिल्कसाँग, कारण तोच डोक्यात बसलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हॉलो नाइट नावाचा 2017 चा गेम, त्याचा हा पुढचा भाग. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला टीम चेरी नावाची अगदी मूठभर लोकांची टीम आहे, त्यांनी बनवलाय. फेब्रुवारी 2019 मध्ये जाहीर केला आणि आला कधी, तर 4 सप्टेंबर 2025 ला. मधली सहा-साडेसहा वर्षं कुठलाही गेमिंग शो लागला की खाली चॅटमध्ये लोकांचं एकच पालुपद, सिल्कसाँग कुठंय, सिल्कसाँग कुठंय. शेवटी दोनच आठवडे आधी तारीख सांगितली आणि आला त्या दिवशी स्टीम काय, निन्टेन्डोचं स्टोअर काय, गेम विकणारी ही ऑनलाइन दुकानं सगळीच आडवी झाली, लोकांना पैसे देऊन पण घेता येईना. पहिल्याच दिवशी नुसत्या स्टीमवर पाच लाखांच्या वर लोक एका वेळी खेळत होते. मी म्हटलं गर्दी ओसरू दे, गेम कुठे पळून जातोय.

यात तुम्ही हॉर्नेट असता. पहिल्या भागात हीच आपल्याला झोडपायला यायची, आता तिच्याच हातात सुई आणि रेशीम. आणि काय पळते ती! पहिल्या गेममधला तो बिचारा नाइट तिच्यापुढे शाळेचं दप्तर घेऊन चालल्यासारखा वाटतो. पण पहिले काही दिवस हात बसत नाही, कारण जुन्या गेममध्ये उडी मारून खाली वार केला की सरळ खाली जायचा, हिचा तिरका जातो. म्हणजे काट्यांवर किंवा शत्रूच्या डोक्यावर टपटप उसळ्या मारत पुढे जायची जी सवय बोटांना लागलेली असते ती पूर्ण मोडावी लागते, आणि ती मोडेपर्यंत आपण काट्यांत. पुढे वांडरर क्रेस्ट म्हणून एक बिल्ला मिळतो, त्याने वार परत सरळ खाली जातो. मला तो मिळाला तेव्हा मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आले इतकं बरं वाटलं.

दुसरं म्हणजे मार. सुरुवातीला तुमच्याकडे पाच मास्क असतात, म्हणजे पाच जीव समजा, आणि इथले बरेच बॉस, म्हणजे टप्प्याटप्प्यावरचे मोठे शत्रू, एका फटक्यात दोन काढतात. म्हणजे कागदावर पाच, खरं तर तीन फटक्यांत खेळ खलास. उलट बाजूने बघितलं तर हॉर्नेट एका दमात तीन मास्क भरून घेते आणि ते पण हवेत असताना, उभं राहायची गरज नाही. त्यामुळे मारामारी अशी चालते की आता मेले, आता मेले, अरे वाचले, अरे बॉसच मरतोय की, अर्र मेले. हे मला जाम आवडलं. लोक म्हणतात अन्याय आहे, मला नाही वाटत. दोन मास्कचा फटका बसला तर चूक आपलीच असते, बॉस आधी इशारा देतो, आपण लोभाने अजून एक वार मारायला जातो आणि पडतो.

माझं भांडण आहे ते मेल्यानंतरच्या रस्त्याशी. ब्लास्टेड स्टेप्स नावाचा भाग आहे, सगळी वाळू, वारा आणि कडे, आणि वर एका मोठ्या दाराशी लास्ट जज नावाची बाई (की बुवा, कीटक आहे, जाऊ दे) हातात साखळीला बांधलेलं धगधगतं धुपाटणं गरागरा फिरवत उभी असते. तिच्याशी मारामारी झकास आहे. पण तिने मारलं की आपण मागच्या बेंचवर, म्हणजे जिथे बसून गेम सेव्ह होतो त्या जागी, आणि तिथून परत वर चढायचं, वाऱ्यावर तरंगायचं, भिंती चढायच्या, उडणारे किडे चुकवायचे, आणि या सगळ्यात एखादा मास्क घालवूनच दारात पोचायचं. तिथे पोचून वीस सेकंदांत मेलं की परत. मला शत्रूचा राग येत नव्हता, त्या रस्त्याचा येत होता. आणि कहर म्हणजे एकदाची ती मेली तरी मरताना फुटते, आणि जवळ उभं राहिलं तर त्या आगीत आपणही गचकू शकतो. याला आमच्याकडे रडीचा डाव म्हणतात. भाऊ शेजारी बसून बघत होता, तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

मेल्यावर पैसे पण जातात. इथले पैसे म्हणजे जपमाळेचे मणी. मेलात की तुमचा एक कोष त्या जागी लटकत राहतो, त्यात ते मणी, परत जाऊन फोडायचा. जायच्या आधीच दुसऱ्यांदा मेलात तर मणी गेले ते गेले. बरं हे मणी लागतात कशाला, तर काही बेंचवर बसायला सुद्धा! म्हणजे सेव्ह करायचे पैसे. सुलभ शौचालयाला सुट्टे नसल्यावर जे होतं ते मला एका विहिरीच्या तळाशी व्हर्च्युअली झालं. आणि हंटर्स मार्च नावाच्या भागात तर एक बेंच असा आहे की आनंदाने बसायला गेलं की तो सापळाच निघतो. तिथे मात्र मला हसू आलं, कारण ती चावटपणाची गंमत होती, बनवणाऱ्याने आपल्याकडे बघून डोळा मारल्यासारखी. रस्त्याची पायपीट ही गंमत नाही, नुसता वेळ खाणं आहे, आणि हा फरक टीम चेरीच्या लोकांना कळत नसेल असं वाटत नाही. नंतर पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या दुरुस्ती-अपडेटमध्ये, त्यांनी सुरुवातीचे एक-दोन बॉस थोडे सौम्य केले, बेंचचे भाव पण जरा उतरवले. त्यावर काही महाभाग चिडले की आम्ही कष्टाने मारले आणि आता सगळ्यांना सोपं. अरे बाबांनो, तुमचं मेडल कुणी काढून घेतलं का.

एक सांगायचं राहिलं, शेर्मा. एक छोटासा यात्रेकरू किडा आहे, बंद फाटकासमोर उभा राहून गाणं म्हणत असतो, त्याला वाटतं गाण्याने फाटक उघडेल. आपण जाऊन खटका दाबतो, फाटक उघडतं, आणि तो इतका खूश होतो की बघा, भक्तीने उघडलं! हॉर्नेट त्याला काहीच सांगत नाही. या अख्ख्या गेममध्ये गडावर चाललेले यात्रेकरू आहेत, अर्धे वाटेतच पडलेले, आणि वारी जवळून बघितलेल्या कुणालाही ते बघताना आत काहीतरी हलेल. म्युझिक ख्रिस्तोफर लार्किनचं. हेडफोन लावूनच खेळा.

आता बलाट्रो. हा फेब्रुवारी 2024 चा, मी उशिरा आले, पण आले ती गेलेच. कॅनडातल्या एकाच माणसाने बनवलाय, लोकलथंक असं टोपणनाव, खरं नाव तो सांगत नाही. पत्त्यांचा गेम. आईने एकदा मागून स्क्रीन बघितली आणि तिचा चेहरा पडला, "पैसे लावतेस?" म्हणाली. तिची चूक नाही, इतकी वर्षं क्रिकेटच्या मधे रमीच्या जाहिराती बघितल्यात, ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला ते पण तिने बातम्यांत ऐकलेलं. तिला शेजारी बसवून दाखवलं की आई, यात एक रुपया लागत नाही, एकदा विकत घेतला की झालं. युरोपात पण हाच घोळ झाला होता. तिथल्या पेगी या रेटिंगवाल्यांनी याला थेट 18 प्लस दिलं, कारण काय तर पोकरचे हात दाखवतो. मग गेमच्या प्रकाशकाने दाद मागितली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ते 12 वर आलं. त्या माणसाने तर मृत्युपत्रात लिहून ठेवलंय म्हणे की आपल्यामागे हा गेम कुठल्या जुगारवाल्या कंपनीला विकायचा नाही. याला म्हणतात नियत.

खेळ असा. हातात आठ पत्ते, त्यातले जास्तीत जास्त पाच टाकायचे आणि टार्गेट गाठायचं. पहिलं टार्गेट 300. समजा तुम्ही बदामाचा राजा, गुलाम, नव्वी, सत्ती आणि चव्वी टाकली, म्हणजे झाला फ्लश, तीनपत्तीवाले ज्याला कलर म्हणतात. फ्लशचे 35, पत्त्यांचे 10, 10, 9, 7, 4 मिळून 40, झाले 75, गुणिले फ्लशचा गुणक 4, बरोब्बर 300. वाचलात! इथपर्यंत साधं गणित. मग दुकानातून जोकर घ्यायचे. असे 150 जोकर आहेत, एका वेळी पाचच ठेवता येतात, आणि प्रत्येक जोकर नियम वाकवतो. एक शेजारच्या जोकरची नक्कल करतो, एक हातात न टाकता ठेवलेल्या प्रत्येक राजामागे दीडपट करतो. मग हळूहळू 300 चे लाख होतात, आणि आकड्यांना आग लागते, खरोखर स्क्रीनवर ज्वाळा येतात.

यात हरणं कसं असतं ते बघा. मी मोठ्या हौसेने बदामांची गड्डी बनवली, इस्पिक, किलवर सगळं हाकललं, चौकट पण काढत आणली, आणि समोर बॉस आला द हेड, ज्याच्या डावात बदामाचे पत्ते बाद. सगळे. संपलं. तासाभराची मेहनत पाण्यात. पण बॉस कोण येणार हे आधीच समोर लिहिलेलं असतं, मीच बघितलं नव्हतं. त्यामुळे तक्रार करायला जागाच नाही. आणि हरलं की लगेच नवा डाव, दोन सेकंदांत पत्ते पिसून हातात. सिल्कसाँग हरल्यावर मी लॅपटॉप बंद करते, बलाट्रो हरल्यावर करत नाही, आणि खरं सांगायचं तर जास्त झोप बलाट्रोनेच खाल्लीये. म्हणजे मेल्यावर फार प्रेमाने वागणारा गेमही बराच घातक असतो. आई आता मेंढीकोटवाल्या हिशोबाने सल्ले देते, "गुलाम ठेव गं", आणि ते बरेचदा बरोबर निघतात याचा मला त्रास होतो.

या दोघांच्या मधे एका रविवारी दुपारी वेन्बा खेळले. 2023 चा, टोरंटोच्या विसाई गेम्सचा, दीड-दोन तासांत संपतो. 1988 च्या कॅनडात नवीन आलेलं तमिळ जोडपं, वेन्बा आणि पावलन, पुढे मुलगा कविन. आईच्या जुन्या वहीतल्या फाटक्या, डागाळलेल्या रेसिपी, जे वाचता येत नाही ते डोकं चालवून ओळखायचं. पहिलीच इडली. इडलीपात्राच्या थाळ्या अशा रचायच्या की खालच्या इडलीच्या डोक्यावर वरच्या थाळीचं भोक आलं पाहिजे, वाफ जायला. मला वाटलं हे तर रोजचंच, आणि पहिल्या फटक्यात बरोबर आलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी गेमने माझ्या स्वयंपाकाची कदर केली. इथे चुकलं तर काही होत नाही, परत करा. तुम्ही लिंबूटिंबू. पण मजा अशी की इथे तुम्ही हरत नाही, ती हरते, हळूहळू, तुमच्या हातात काही नसताना. पोरगं मोठं होतं, तमिळ बोलायला लाजतं, फोन उचलत नाही. पुढे तोच कविन आजीची वही उघडून तमिळ अक्षरं लावत बसतो. पुण्यात मुलांना इंग्लिश मीडियममध्ये घालून त्यांच्याशी घरात मराठी बोलायचा अट्टाहास करणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणींना मी लिंक पाठवलीये, दोघींनी खेळला, एक रडली.

पुणं निघालंच आहे तर राजी. नॉडिंग हेड्स गेम्स, आपल्या पुण्यातलेच, 2020 चा गेम, मी आत्ता खेळले, लाज वाटायला हवी. राखीपौर्णिमेच्या जत्रेतून असुर राजीच्या भावाला, गोलूला उचलून नेतात आणि ती त्रिशूळ घेऊन मागे निघते. गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत सांगतात, मधे मधे सावल्यांच्या बाहुल्यांचे सीन्स. किल्ले, हवेल्या, कमळांची तळी, कॅमेरा लांब गेला की मी नुसतीच उभी राहायचे. मारामारी दुसऱ्या तासानंतर तीच ती वाटायला लागते आणि शेवट असा होतो की अर्ध्यात लाईट गेल्यासारखं. पण खांबावर गरागरा फिरून असुराला लाथ घालायची जी मूव्ह आहे ना, ती शेवटपर्यंत जुनी होत नाही. पाच-सहा तासांचा गेम आहे, सेलमध्ये असेल तर घेऊन टाका.

सिल्कसाँगचा तिसरा अंक बाकी आहे, बाइलवॉटर नावाच्या भागात अडकलेय, तिथल्या अळ्या अंगाला चिकटल्या की जखमा भरताच येत नाहीत आणि बेंच कुठे लपवलाय ते मला माहितीये, तरी पोचत नाहीये. हेडिस 2 नावाचा गेम पण विशलिस्टमध्ये टाकलाय. त्यात म्हणे मेलं की सरळ घरी जातो आणि घरचे नवीन काहीतरी बोलतात. चालेल मला.