तुम्ही विचारलंत म्हणून: हत्ती द्यायचं सुचलं कसं

"किती चाली पुढचं दिसतं हो तुम्हाला?" हे बँकेतले सहकारी विचारतात, लग्नकार्यात नातेवाईक विचारतात. "दोन-तीन" म्हणून मी सुटका करून घेते. पण ज्यांना बुद्धिबळाच्या एका रेटिंग स्पर्धेतला माझा डाव ठाऊक आहे, ते वेगळं विचारतात: "हत्ती द्यायचं सुचलं कसं?" त्यांना मी आजवर नीट उत्तर दिलेलं नाही.

माझ्याकडे काळ्या सोंगट्या होत्या, ओपनिंग म्हणजे डावाची सुरुवात सिसिलियन पद्धतीची. समोर माझ्या मुलाच्या वयाचा मुलगा, रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, माझ्याहून बरंच जास्त. त्याने वजिराच्या बाजूला कॅसलिंग करून राजा तिकडे हलवला होता आणि त्याची प्यादी माझ्या राजावर धावून येत होती. मी सी८ वरच्या हत्तीने सी३ वरचा घोडा मारला, त्याने बी२ च्या प्याद्याने हत्ती घेतला; म्हणजे कमी मोलाच्या घोड्यासाठी मी हत्ती दिला. ई४ च्या प्याद्याला त्या घोड्याचाच आधार होता, तो गेला. तरी ते प्यादं मी घेतलं नाही. वजीर ए५ वर आणला. ए२ आणि सी३, दोन्ही प्यादी एकदम माराखाली आली. ई४ कुठे पळून जात नव्हतं. त्याने बराच वेळ डोकं धरलं. मग त्याच्या राजाभोवतीची प्यादी एकेक करून पडली आणि त्याने डाव सोडला.

हात न मिळवता तो उठला आणि मी संगणकाची मदत घेतल्याच्या संशयाने थेट पंचांकडे गेला. थोड्या वेळाने मला बोलावणं आलं. पर्स उघडून दाखवली, अंगावरून डिटेक्टर फिरवला. हे नियमात बसतं, त्याबद्दल तक्रार नाही. मग पंचांनी माझी स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेला कागद, पुढे सरकवली, हत्तीच्या खेळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही तुम्हाला सुचली?" जोर 'तुम्हाला'वर होता. मागे पालकांचा घोळका उभा होता, सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "मोजली होती." "किती चाली?" मला आकडा सांगता येईना. काही सापडलं नाही, निकाल कायम राहिला, माफी कुणी मागितली नाही. पुढच्या फेरीत मी काय केलं ते घरीसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही: फार चांगली दिसणार नाही अशी खेळी शोधत होते.

आता उत्तर. आकडा सांगता आला नाही, कारण आकडा नव्हताच. सिसिलियन खेळणाऱ्याला सी३ वर हत्ती देणं नवं नसतं. त्या घोड्याकडे बघितलं की हात आपोआप हत्तीकडे जातो. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी १९४६ साली दाखवून दिलं होतं की ग्रँडमास्टर साध्या खेळाडूंपेक्षा फार खोल मोजतात असं नाही. ते पहिल्यापासून बरोबर खेळीभोवती असतात. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली, तर मुरलेल्या खेळाडूंनी ती बरीचशी परत मांडली. सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्यावर मात्र त्यांची ती सरशी जवळजवळ संपली.

पण मग यात माझं काय? आधी पाहिलेल्या रचनेची नुसती ओळखच असेल तर पंचांचं काय चुकलं? हा प्रश्न मला छळतो. १९५३ च्या झ्युरिकच्या स्पर्धेत, पुढे जगज्जेता झालेल्या पेट्रोस्यानने काळ्या सोंगट्यांनी खेळताना रेशेव्हस्कीविरुद्ध आपला हत्ती ई७ वरून ई६ वर, सरळ उंटाच्या तोंडी नेऊन ठेवला. कशासाठी? ई७ चं घर मोकळं झालं, तिथून घोडा डी५ वर पोचला आणि पांढऱ्याची आगेकूच थांबली. डाव बरोबरीत सुटला. ही खेळी मला ओळखीतून आलेली वाटत नाही. आपल्या घोड्याला कुठे बसायचंय, हे आधी कळल्याशिवाय ती दिसूच शकत नाही.

ओळखीने घातही होतो. २००८ मध्ये बिलालिच, मॅक्लिओड आणि गोबे या संशोधकांनी कसलेल्या खेळाडूंना अशी स्थिती दिली, जिच्यात घोड्याची नेहमीची घुसमटमात (राजा स्वतःच्याच सोंगट्यांत कोंडलेला असताना घोड्याने दिलेली मात) होती आणि तिच्याहून छोटी मातही होती. आम्ही दुसरा मार्ग शोधतोय असं ते सांगत होते, डोळे मात्र पुन्हापुन्हा ओळखीच्या घरांवरच जात होते. म्हणून माझ्यासाठी माझ्या त्या डावातला शोध हत्ती नव्हता. ई४ न घेणं हा होता. त्याबद्दल कुणीच विचारत नाही.

आणि 'तुम्हाला?' याबद्दल. १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेलं होतं. स्त्रियांना अडवता येणार नाही, असं जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना सांगावं लागलं. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला. तरी पन्नाशीकडे झुकलेल्या बाईने हत्ती दिला की पर्स तपासावीशी वाटते. मी हे विसरणार नाही.

त्या दिवशी घरी येऊन डाव इंजिनवर, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रॅमवर, टाकला. त्याची पहिली पसंती ई४ घेण्याला होती. विशीतली मी, जी मुलांना "मोजा, आधी मोजा" म्हणून ओरडायची, ती म्हणेल: बघ, मोजलं असतंस तर लवकर जिंकली असतीस. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. तीच स्थिती पुन्हा समोर आली, तर मी वजीर ए५ वरच आणेन.