पावसाळा, आखाडाचे जेवण आणि माझी स्वमग्नता (ऑटिझम)
कोल्हापुरात पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत असल्याच्या बातम्या आज दिवसभर फोनवर येत राहिल्या, आणि पत्र्यावर कोसळणारा पाऊस, न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास व पाण्यामुळे बदललेला रोजचा रस्ता यांनी माझ्या स्वमग्न मेंदूला पार थकवून टाकले. संध्याकाळी मावशीकडे आखाडाचे जेवण होते. गेलो नाही तर नातेवाईक शिष्ट समजतात, म्हणून मी आधीच फोन केला: "मावशी, मी येतो, पण मागच्या खोलीत बसेन." तिने कारण विचारले नाही, ट्यूबलाइट बंद करून तांबड्या रश्श्याची वाटी तिथेच आणून दिली. स्वमग्नतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे, तरी मला खरा आधार अशा वागण्याचाच वाटतो. गणपतीतल्या साउंड सिस्टीमविषयी मात्र तिच्याशी अजून बोलायचे आहे.