नळ आला, त्याची दया सनातन आहे

आज पहाटे साडेतीनला नळ आला. सोलापूरकरांना यातलं काही समजावून सांगायला नको. चार-पाच दिवसांनी एकदा येणार, आणि तोही कुठल्या वेळेला, याचा नेम नाही. पिंप, हंडे, बादल्या, शेवटी पातेलीसुद्धा भरली. मोटर बंद करताना तोंडून आपसूक निघालं, "त्याची दया सनातन आहे." घरात ऐकायला कोणी नव्हतं.

ही सवय आईची. बायबलातल्या स्तोत्र १३६ मध्ये २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाचा शेवट याच ओळीनं होतो. उपासनेत पाळकसाहेब पुढचं म्हणतात, मंडळी ही ओळ म्हणते. आम्हा भावंडांचं ते पाठ झाल्यावर आईनं रात्रीच्या प्रार्थनेत वेगळंच सुरू केलं. प्रत्येकानं दिवसातली एक गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी जबाब द्यायचा. "रॉकेल मिळालं." त्याची दया सनातन आहे. "गणितात पास झाले." त्याची दया सनातन आहे. धाकट्यानं एकदा "आज मास्तर आलेच नाहीत" असं सांगितलं. आईनं आधी जबाब दिला, मग त्याचा कान पिळला.

दादा, म्हणजे आमचे वडील, गिरणीत साचेखात्यात, मागांवर होते. गिरणी बंद पडली त्या आठवड्यात ते रात्री कंदिलासारखे नुसते जागे असायचे, भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे. एका रात्री त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "गिरणी बंद झाली." आम्ही पोरं गप्प. याला जबाब द्यायचा की नाही, कळेना. आईनं एकटीनं, हळू आवाजात दिला. दादा उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. त्यानंतर कित्येक महिने ते प्रार्थनेलाही बसले नाहीत आणि देवळातही, म्हणजे चर्चमध्येही, आले नाहीत.

आईचं चुकलंच, असं मला बरीच वर्षं वाटायचं. थोडं अजूनही वाटतं. ज्याची भाकरी नुकती गेली, त्याला त्याच रात्री हे ऐकवू नये.

पण ते स्तोत्र नीट वाचलं तर तेही गोडगोड नाही. आकाश, सूर्य, चंद्र झाले की मिसर, म्हणजे इजिप्त, येतो, तांबडा समुद्र येतो, मग रान. २३व्या वचनात तर सरळ दैन्यावस्थाच आहे. तिथंही ओळ तीच. 'दया'साठी मूळ इब्री (हिब्रू) शब्द हेसेद. 'दया' म्हटलं की कुणीतरी वरून टाकल्यासारखं वाटतं. हेसेदमध्ये करार आहे, धरलेला हात न सोडणं आहे.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली, उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी, प्रभुभोजनाच्या उपासनेत. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य गीत गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे गेले, असं मार्काच्या शुभवर्तमानात आहे. वल्हांडणाला, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाला, यहूदी लोक स्तोत्रं ११३ ते ११८ गातात, तेव्हा ते गीत त्यातलंच असावं, असं अभ्यासक मानतात. ११८व्या स्तोत्राचं पहिलं आणि शेवटचं वचन काढून बघा. हीच ओळ. धरून न्यायच्या जरा आधी प्रभूच्या तोंडी हीच ओळ असेल, तर आईला मी काय बोलणार?

आईनं भाड्यानं मशीन आणलं. यंत्रमागाच्या कारखान्यातून टॉवेलचे गठ्ठे यायचे. कडा दुमडून टीप मारायची, पैसे डझनावर. दादा मुकाट्यानं घड्या घालायचे, डझन मोजायचे. त्या वर्षी कापणीच्या सणाला घरात अर्पण करण्यासारखं काही नव्हतं. आईनं शेंगदाणे भाजले, लसूण, तिखट, मीठ घातलं आणि तेल सुटेपर्यंत उखळात कुटलं. चटणी डालड्याच्या डब्यात भरून देवळात नेली.

आमच्याकडे अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो, आणि लिलावात घेतलेली वस्तू लोक पुन्हा लिलावाला देतात. एक नारळ चार-चारदा विकला जातो. चटणीचंही तसंच झालं. तिसऱ्यांदा बोली लागली तेव्हा मागून दारातून आवाज आला, "अकरा रुपये!" दादा होते. आत कधी आले, कुणी पाहिलं नव्हतं. स्वतःच्याच बायकोची चटणी विकत घेतात म्हणून मंडळी हसली. अकरा रुपये म्हणजे किती डझन टॉवेल, याचा हिशेब आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

रात्री दादा प्रार्थनेला बसले. त्यांची पाळी आली.

"चटणी घरी परत आली."

आम्ही सगळ्यांनी जबाब दिला. धाकट्याचा जरा उशिरा आला, त्याच्या तोंडात चटणी होती.